परवानगीचा दरवाजा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही उभयता पुण्यास जाऊन राहिलो होतो आणि जुन्नरजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरी नाना, म्हणजे माझे वडील, एकटेच होते. अगदीच एकटे असे नव्हे. थोरल्या भावाचे घर बांधापलीकडे आहे. पण नानांचे वय अठ्ठ्याहत्तर, गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड, आणि आमच्या भागात दिवस मावळला की उसातून बिबट्या कधी बाहेर येईल ह्याचा नेम नाही. म्हणून उन्हाळ्यातच पडवीच्या खांबाला, गोठ्याकडे तोंड करून, एक फिरता कॅमेरा बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने तासाभरात काम उरकले, माझ्या फोनवर गाईंचे चित्र दाखवले आणि म्हणाला, "गुरुजी, आता जगात कुठंही जा. गोठा तुमच्या खिशात!"

मला फार बरे वाटले. जगात कुठूनही मला दिसते ह्याचा अर्थ जगात कुठूनही कोणालाही दिसू शकते, हा दुसरा अर्थ त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

पुण्यातल्या चौथ्या दिवशी नानांचा फोन आला. सासूबाईंची चौकशी झाली, पावसाची झाली. मग ते म्हणाले, "अरे, तू रात्री झोपतोस का नाही? हा डोळा सारखा फिरतोय. काल मी पडवीत खाटेवर पडलो होतो, तर माझ्याकडं तोंड करून थांबला तो हलेचना. इतकं काय बघायचं रे म्हाताऱ्याला?"

मी रात्री फोन उशाशी ठेवून गाढ झोपत होतो. भावाने डोळा फिरवला नव्हता. माझा पुतण्या संगणकाचे शिक्षण घेतो, त्यानेही नाही. तो तसाच उठून पडवीत गेला, अर्धा तास खटपट करून मला म्हणाला, "काका, बसवणाऱ्यानं बाहेरचा दरवाजा सताड उघडा ठेवलाय. आणि किल्ली कुठली, तर कारखान्यातून आली तीच. पुस्तिकेत छापलेली." एवढे सांगून त्याने कॅमेऱ्याची तारच उपटली.

बिबट्याच्या भीतीने लावलेल्या डोळ्यातून कोण परका माणूस माझ्या म्हाताऱ्या बापाकडे बघत बसला होता, हे मला आजतागायत कळलेले नाही. कळेलसेही वाटत नाही. पण त्या रात्रीपासून मला एक नाद लागला. घरापासून दूर असताना घरात शिरण्याची वाट आपल्याला असावी आणि दुसऱ्याला नसावी, ह्यासाठी माणसाने आजवर काय काय केले, ते शोधण्याचा. शोधता शोधता असे दिसले की ह्या इतिहासातली कित्येक पाने आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतच पडलेली आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

*

सुरुवात नाणेघाटापासून करू. जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा जिथे कोकणात कोसळतो तिथे, डोंगर फोडून केलेली ही दोन हजार वर्षांपूर्वीची वाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून ह्याच घाटाने वर येई आणि जुन्नरच्या पेठेत पसरे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेव्हा परदेशाशी आमच्या गावाचा संबंध काही कालपरवाचा नाही.

घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने जकात त्यात टाकायची, असे लोक सांगतात. रांजणाची कथा किती खरी हे बाजूला ठेवू; पण अरुंद वाट, तिच्या तोंडाशी नाके आणि नाक्यावर माणूस, ही मांडणी तिथली जमीनच सांगते. सगळ्या डोंगराला पहारा बसवता येत नाही. वाट एकच ठेवली की पहाराही एकच पुरतो.

आत जी लेणी आहे, तिच्या भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, दक्षिणा दिली, इतक्या गाई, इतके कार्षापण, असा तो हिशेब. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही ह्या भिंतीवर आहेत. गंमत अशी की त्या अंकांना आपल्यासारखे स्थानमूल्य नव्हते. दहाचे चिन्ह निराळे, शंभराचे निराळे, हजाराचे निराळे. डावीकडचा आकडा मोठ्या किमतीचा आणि उजवीकडचा लहान, ही युक्ती पुढे आली. ती आली म्हणून आपण आज आकड्यांनी केवळ गाई मोजत नाही, पत्तेसुद्धा लिहितो. डावीकडे गाव, उजवीकडे घर. एवढे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचा सारा लेख त्याच्यावर उभा आहे.

घाटावरून शिवनेरीकडे आले म्हणजे इतिहासाचे दुसरे पान उघडते. ह्या किल्ल्याला एकामागून एक सात दरवाजे आहेत. शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे किती वेळा चढलो असेन! मुले दरवाजे मोजतात, दमतात, आणि एका दरवाजाचे नाव ऐकून हमखास हसतात. त्याचे नाव 'परवानगीचा दरवाजा'. "गुरुजी, परवानगी कुणाची?" असे एका मुलीने मला विचारले होते. मी तेव्हा वेळ मारून नेली. आज तिला उत्तर देईन की, आतल्याची, बाळ. बाहेरचा कितीही मोठा असो, परवानगी नेहमी आतल्याची लागते.

*

आता एकदम आपल्या काळाकडे येऊ. नारायणगावाजवळ आर्वी नावाचे गाव आहे. १९७० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत तिथे परदेशी दळणवळणासाठी उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. अशा प्रकारचे हे देशातले पहिले केंद्र, डॉ. विक्रम साराभाईंचे नाव त्याला दिलेले आहे. हिंदी महासागरावर टांगलेल्या उपग्रहाकडे तोंड करून त्या प्रचंड तबकडीने परमुलुखाशी आवाजाची देवघेव सुरू केली. नाणेघाटाने समुद्राचा माल जुन्नरात आणला, आर्वीने समुद्रापलीकडचा आवाज आणला.

पण आर्वी म्हटले की कोणती आर्वी? वर्धा जिल्ह्यात आर्वी आहे, ते तालुक्याचे ठिकाण. आमची आर्वी जुन्नर तालुक्यातली. अशी एकाच नावाची गावे आपल्याकडे डझनांनी सापडतात. पिंपळगावे आणि वडगावे तर विचारूच नका. पूर्वी पाकिटावर नुसते नाव असले की पत्र ह्या पिंपळगावाहून त्या पिंपळगावाला हिंडत असे. त्यातून प्रत्येक प्रांताची लिपी वेगळी, अक्षर ज्याच्या त्याच्या नशिबाचे.

ह्यावर तोडगा काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले थोर अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी व नाटककार. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा आकडे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि उरलेले तीन प्रत्यक्ष टपालकचेरी. म्हणजे पुन्हा तेच सूत्र. डावीकडे मोठे, उजवीकडे लहान. वर्ध्याच्या आर्वीचा पिन ४४२ ने सुरू होतो, आमच्याकडचे ४१० ने. नाव एक असले तरी आता घोटाळा नाही.

जरा खोलात जाऊ. जुन्नर ४१०५०२, मंचर ४१०५०३, नारायणगाव ४१०५०४. पहिले पाच आकडे तिघांचे सारखे. फरक शेवटच्या एकात. पण मंचर ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्याचे मुख्य ठाणे घोडेगाव, त्याचा पिन मात्र ४१२४०८! मंचर आणि घोडेगाव एका तालुक्यातले भाऊ, पण टपालाच्या घरात दोघांची चूल वेगळी. आणि मंचर-जुन्नर वेगळ्या तालुक्यांतले असून एका पंगतीत. ह्याचा अर्थ असा की, पत्त्याचे गाव आणि जमिनीवरचे गाव एक असलेच पाहिजे असे नाही. पत्त्याच्या गावाची शीव आकड्यावरून ओळखायची. किती आकडे सारखे, ते पाहून.

आणि आंबेगाव? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. गाव नाही, पण त्याच्या नावाचा तालुका आहे, त्या नावाने सातबारे निघतात, मते पडतात. डावीकडचे नाव राहिले आणि उजवीकडची घरे बुडाली. तिथली उठलेली माणसे दुसरीकडे जाऊन वसली, आणि पत्ता बदलला म्हणजे काय होते, हे ती पुस्तकावाचून जाणतात.

ह्याच परिसरात खोडदला गोविंद स्वरूप ह्या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधल्या चौकात दाटीने, आणि १६ तीन फाट्यांवर दूरवर पांगलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. प्रत्येक तबकडीला नाव आहे. मधल्या चौकाचे एक अक्षर, पूर्वेच्या फाट्याचे एक, दक्षिणेचे एक, पश्चिमेचे एक. आणि अक्षरापुढे आकडा. नाव ऐकताच कळते की तबकडी कोणत्या फाट्यावर, आणि त्या फाट्यात कितवी. पांगलेल्या तिसांचे कुटुंब करायचे तर आधी असे पत्ते लागतात. मग काचेच्या तारांतून सगळ्यांचे बोलणे एका खोलीत येते.

*

इतकी तयारी झाल्यावर आता पडवीतल्या कॅमेऱ्याकडे वळायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या संगणकांच्या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी बोलण्याची एक नवी रीत स्वीकारली. आजचे इंटरनेट त्याच रीतीवर चालते. तीत प्रत्येक यंत्राला पत्ता म्हणून चार घरांचा एक आकडा मिळतो. प्रत्येक घरात ० पासून २५५ पर्यंत काहीही. असे एकंदर पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचारशे कोटींच्या वर! त्या वेळी हे पत्ते कधी संपतील असे कोणाला वाटले नाही.

पहिली अडचण निराळीच आली. एखाद्या विद्यापीठाला पत्त्यांचा एक मोठा गठ्ठा मिळे, पण आत इमारती दहा. मग १९८५ च्या ऑगस्टमध्ये जेफ मोगल आणि जॉन पोस्टेल ह्या दोघांनी एक नियम लिहून काढला. बाहेरच्या जगाने फक्त गावाचे नाव पाहावे. गावाने आत किती वाड्या पाडायच्या, ते गावाचे गावाने ठरवावे. ह्या वाडीला संगणकवाले 'सबनेट' म्हणतात. मी आपला वाडीच म्हणतो. आमच्याकडे गाव एक आणि वाड्या बारा, हे नवे नाही.

वाडीची शीव दाखवायला त्यांनी 'मास्क' नावाचा दुसरा आकडा योजला. दहावीच्या, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिकच्या, पुढे माझी गणिताशी गाठ पडली नाही. तरी हे मला उमगले, तेव्हा वाचकांना अवघड जाऊ नये. समजा, तुमच्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.३७ आणि मास्क २५५.२५५.२५५.०. जिथे २५५ तिथला आकडा वाडीचा. जिथे ० तिथला घराचा. म्हणजे तुमची वाडी १९२.१६८.१.० आणि तुम्ही तीत सदतिसावे. हेच थोडक्यात लिहायचे तर वाडीपुढे तिरपी रेघ मारून २४ लिहितात. कारण पत्त्यातल्या एकूण ३२ द्विमान अंकांपैकी डावीकडचे २४ वाडीचे झाले. उरलेल्या आठांत २५६ आकडे मावतात. पहिला वाडीच्या नावासाठी राखलेला, शेवटचा दवंडीसाठी, म्हणजे साऱ्या वाडीला एकदम हाक मारण्यासाठी. राहिली २५४ घरे. एका कुटुंबाला पुष्कळ झाली.

दुसरी अडचण पत्ते संपण्याची. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य माणसाला खुले झाले, तोवर जगाला ही चिंता लागलेली होती. १९९४ मध्ये एक युक्ती निघाली की सगळ्या घराने बाहेर जाताना दाराशी एकच सार्वजनिक पत्ता वापरावा. आणि तीन गठ्ठे जगातल्या सर्व घरांना खाजगी वापरासाठी मोकळे सोडण्याचा नियम १९९६ च्या फेब्रुवारीत पक्का झाला. पहिला १० ने सुरू होणारा सारा; दुसरा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा, तिसरा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते घराच्या आत चालतात, रस्त्यावर चालत नाहीत. म्हणून ते तुमच्याकडे, माझ्याकडे आणि टोकियोतल्या एखाद्या घरी एकाच वेळी असू शकतात. ही तोड निघाली म्हणून बरे. कारण सार्वजनिक पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपलेच.

परंतु ह्या तोडीतून आमची आर्वी पुन्हा उगवली! वायफायचे डबे बनवणारे बहुतेक कारखानदार त्याच दोनतीन वाड्यांचे आकडे घालून डबे पाठवतात. नाव एक, गावे लाखो. जोवर प्रत्येक जण आपापल्या घरी बसला आहे तोवर काही बिघडत नाही. बिघडते ते माणूस परगावी गेल्यावर.

*

पुतण्याने झाल्या प्रकारानंतर पडवीचा उघडा दरवाजा बंद केला, कॅमेऱ्याची किल्ली बदलली आणि घरासाठी एक भुयारी वाट तयार केली. तिला व्हीपीएन म्हणतात. तिचे अनेक प्रकार आहेत. आम्ही घेतला तो 'वायरगार्ड'. जेसन डोनेनफेल्ड ह्या गृहस्थाने तो रचला आणि २०२० च्या मार्चपासून तो लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला आहे. त्याची रीत मला शिवनेरीची आठवण करून देते. दोन्ही टोकांना किल्ल्यांची जोडी असते. आतल्याने ज्याची किल्ली आधी नोंदवून ठेवली आहे त्यालाच प्रवेश. अनोळखी कोणी येऊन दार ठोठावले, तर आतून उत्तरही जात नाही. इथे दार आहे हेच त्याला कळत नाही. परवानगीचा दरवाजा म्हणतात तो हा!

मी मोठ्या आनंदाने पुण्याच्या लॉजवर बसून भुयार उघडले. भुयार उघडले, पण गोठा दिसेना. पुन्हा प्रयत्न केला, नाही. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, तुमच्या लॉजच्या वायफायचा पत्ता काय आहे, वाचा बरं." मी वाचला. १९२.१६८.१.११४. तो हसू लागला. "आपल्या घरची वाडी पण तीच आहे, काका. तुम्ही पन्नास नंबरचा कॅमेरा मागताय आणि फोन लॉजमध्येच पन्नास नंबर शोधतोय. भुयारात शिरायचं त्याला सुचतच नाही."

म्हणजे वर्ध्याच्या आर्वीत उभे राहून नारायणगावच्या आर्वीतले घर विचारण्याचाच हा प्रकार. लोक म्हणणार, इथे असे घर नाही. खोटे बोलत नाहीत ते. पण तुमचे घर तर आहे.

उपाय वेलणकरांचाच. आकडा निराळा घ्यावा. लॉजची वाडी आपल्या हाती नसते, घराची असते. पुतण्याने डब्याच्या पानावर जाऊन घरची वाडी बदलली, १०.७३.४१.० सारखा कोणाच्या सहसा ध्यानीमनी येणार नाही असा आकडा घेतला. कॅमेऱ्याचा बांधून दिलेला पत्ता त्याप्रमाणे सुधारला, भुयाराच्या कागदावर नवी वाडी लिहिली, आणि पंधरा मिनिटांनी लॉजच्या खाटेवर बसून मी आमची कालवड रवंथ करताना पाहिली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आकडा विरळा घेतला तो लपण्यासाठी नव्हे. वाडीचा आकडा ही गुप्त गोष्ट नाही. तो कळल्याने कोणी आत येत नाही. गुप्त ठेवायची ती किल्ली. माझ्या घरी उलटे झाले होते. मला स्वतःला आकडा ठाऊक नव्हता आणि किल्ली पुस्तिकेत छापलेली होती!

ही केवळ माझ्या पडवीची कथा नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीने जगभरचे असेच कॅमेरे आणि डबे हुडकले. कारखान्यातल्या किल्ल्या न बदललेले. त्यांची फौज बनवून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एका मोठ्या कंपनीच्या नामनोंदणीच्या यंत्रांवर तिने असा हल्ला चढवला की अमेरिकेतली कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. कोणाच्या तरी गोठ्यावरचा डोळा आणि कोणाच्या तरी पाळण्यावरचा डोळा, मालकाच्या नकळत, लढाईला जुंपला गेला. पुढे २०२२ च्या २९ ऑक्टोबरला चिली देशातल्या आल्मा ह्या विख्यात दुर्बिणीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिला कित्येक आठवडे आकाशाकडे पाहणे थांबवावे लागले. खोडदच्या तबकड्यांची ती लांबची बहीणच म्हणायची. मोठ्यांची ही गत, तर आपण कोण?

*

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत एक लहानसे काम करा. मुलेबाळे घरी आलेली असतील, त्यांतल्या जाणत्याला हाताशी घ्या. घरच्या वायफायवर असतानाच, आणि भुयार चालू असल्यास ते बंद करून, फोनच्या वायफायच्या खोलीत जा. जोडलेल्या जाळ्याच्या नावावर बोट ठेवले म्हणजे तपशील उघडतो. तिथे तीन आकडे सापडतील: आपला पत्ता, सबनेट मास्क आणि डब्याचा पत्ता, म्हणजे गेटवे. विंडोजचा संगणक असेल तर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग एवढा एक शब्द रोमन लिपीत लिहिला की हेच तिन्ही आकडे समोर येतात. पत्त्यावर मास्क ठेवा, वाडी काढा. ती १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असेल, तर बाहेरगावी घोटाळा व्हायचा संभव आहे असे समजा आणि जाणत्याकडून बदलून घ्या.

मग डब्याच्या पानावर पाहा की बाहेरून आत यायला कोणते दरवाजे उघडे आहेत. ज्याचे कारण घरात कोणाला सांगता येत नाही, तो दरवाजा बंद. कारखान्याची किल्ली प्रत्येक यंत्रातून काढून टाका. आणि डब्याचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ह्या टापूतला दिसला, तर समजा की कंपनीने तुम्हाला तिच्याच एका मोठ्या वाड्यात भाडेकरू ठेवले आहे. तिथे बाहेरून सरळ आपल्या दाराशी येता येत नाही. भुयारासाठी निराळी सोय करावी लागते. ती कशी, हे जाणत्याला विचारा.

एवढे झाल्यावर तो वाडीचा आकडा कागदावर उतरवून ठेवा. आमच्याकडे नानांची एक जुनी लाल वही आहे. तीत गट नंबर आहेत, विजेच्या मीटरचा नंबर आहे, विहिरीच्या मोटारीचा नंबर आहे, कोणत्या साली कोणती गाय कितीला घेतली तेही आहे. पुण्याहून परतल्यावर मी त्याच पानावर खाली वाडीचा आकडा लिहिला. किल्ली लिहिली नाही.

नाना चष्मा लावून वाचू लागले. "हा कशाचा गट नंबर?"

"आपल्याच घराचा, नाना. बाहेरगावाहून घरी यायचा."

त्यांनी आकडा दोनदा वाचला, वही मिटली आणि खांबाकडे पाहिले. पुतण्याने कॅमेरा पुन्हा बसवला आहे. मात्र आता तो फिरता नाही. गोठ्याकडे तोंड करून ठेवला आहे तसाच राहतो. पडवी त्याला दिसत नाही. हे नानांनीच मागून घेतले. "गाई बघा हवं तेवढ्या," ते म्हणाले, "मला बघायचं असंल तर घरी या."

लॉजच्या खाटेवरून घर दिसते, ही सोय मोठी खरी. पण तिच्यालाही परवानगी आतल्याचीच लागते. दिवाळीला आम्ही सारे नानांकडेच आहोत.